उकळी फुटल्यावरची आच

स्वयंपाकाचं इंधन आणि थंडीतली घराची ऊब, या दोन्हींतली बचत हा यावेळचा विषय. पत्रं खूप आली. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण ज्या शंका पुन्हा पुन्हा दिसल्या त्या निवडल्या आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी बरीच वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. उष्णतेचा धडा दरवर्षी शिकवत होते, तरी तो माझ्या अंगात मुरला तो घरच्या ओट्यावर, एक वजनकाटा आणि एक तापमापी हाताशी ठेवून. त्या नोंदींची वही अजून माझ्याजवळ आहे आणि खालची बरीच उत्तरं तिच्यातूनच आली आहेत.

ताई, बटाटे किंवा कडधान्य पातेल्यात शिजायला ठेवलं की मी आच शेवटपर्यंत मोठी ठेवते. लवकर शिजलं की गॅस लवकर बंद होणार, म्हणजे बचतच झाली ना? सासूबाई म्हणतात, उकळी आली की बारीक कर. यावरून आमचं रोज वाजतं.

सासूबाईंचं बरोबर आहे. पण त्या सांगतात म्हणून ऐकू नका, का ते समजून घ्या. एकदा समजलं की वाद आपोआप मिटेल.

पाणी उकळायला लागलं की ते १०० अंशांवर थांबतं. त्यानंतर खाली कितीही आच लावा, पाणी १०१ अंशांवर जात नाही. बटाट्याला आच कळत नाही, त्याला फक्त भोवतालच्या पाण्याचं तापमान कळतं. खळखळा उकळणारं पाणी आणि कडेला जेमतेम बुडबुडे येणारं पाणी यांच्या तापमानात सांगण्यासारखा फरक नसतो, त्यामुळे बटाटा दोन्हींत जवळपास सारख्याच वेळात शिजतो. मग मोठ्या आचेची जास्तीची उष्णता जाते कुठे? वाफेत. आणि वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. तेच उकळतं पाणी पूर्ण वाफ करून उडवायला सुमारे २२५७ लागतात. म्हणजे पावणेसात पट!

मी हे वजन करून पाहिलं. तेच पातेलं, तेवढंच पाणी, तेवढेच बटाटे. पहिल्या दिवशी झाकण न ठेवता मोठ्या आचेवर उकळीनंतर वीस मिनिटं ठेवलं, तर वजन ४०० ग्रॅमनी कमी झालं. दुसऱ्या दिवशी उकळी येताच आच अगदी बारीक केली आणि झाकण ठेवलं, तेव्हा ४५ ग्रॅम कमी झालं. सुरी दोन्ही दिवशी तेवढ्याच सहज आत गेली. पहिल्या दिवशी उडालेल्या वाफेत जेवढी उष्णता गेली, तेवढीत पावणेतीन लिटर थंड पाण्याला उकळी आली असती. त्या दिवसापासून झाकण नसलेलं उकळतं पातेलं मला बघवत नाही.

तेव्हा उकळी फुटेपर्यंत आच मोठी ठेवायला हरकत नाही, फक्त ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. बाजूने वर गेलेली ज्योत भांड्याला नाही, खोलीला तापवते. उकळी फुटली की झाकण ठेवा आणि बुडबुडे दिसत राहतील इतपत बारीक करा. पाणीही बुडण्यापुरतंच घ्या. कितीतरी घरांत दुप्पट पाणी तापवून शेवटी ओतून दिलेलं मी पाहिलं आहे. तळणं आणि परतणं यांचा हिशेब मात्र वेगळा. तिथे आपल्याला पाणी उडवायचंच असतं, म्हणून आच लागते.

कुकरच्या किती शिट्ट्या म्हणजे बरोबर? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

सगळे वेगळा आकडा सांगतात, कारण शिट्टी हे मोजमापच नाही. शिट्टी झाली म्हणजे आतला दाब ठरलेल्या पातळीला पोचला आणि जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढाच तिचा अर्थ. मोठ्या आचेवर त्याच दहा मिनिटांत आठ शिट्ट्या होतील, बारीक आचेवर दोन. आतलं तापमान दोन्ही वेळा सारखंच, १२० अंशांच्या आसपास. फरक पडतो तो गॅसमध्ये आणि वाया गेलेल्या वाफेत. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि पुढे घड्याळ बघा. मिनिटं मोजायची सवय लागायला आठवडा जातो, पण मग ती सुटत नाही.

बंद झाकणाखाली दाब वाढवून शिजवायची युक्ती फ्रान्समध्ये जन्मलेल्या दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. भांडं फुटू नये म्हणून दाब वाढताच उघडणारी झडपही त्यांनीच बसवली. १६८२ मध्ये त्यांनी त्या भांड्यात शिजवलेलं जेवण सोसायटीच्या सदस्यांना वाढलं होतं. आपण जिला शिट्टी म्हणतो ती त्या झडपेची वंशज. तिचं मुख्य काम राखण करण्याचं आहे, म्हणून ती स्वच्छ ठेवा आणि रबरी कडी सैल झाली की बदला. कडेने वाफ सुटणारा कुकर म्हणजे महागडं पातेलं.

उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांना तर कुकरशिवाय इलाज नाही. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एक अंशाने उतरतो, त्यामुळे उघड्या पातेल्यात कडधान्य शिजता शिजत नाही.

आणखी एक. गॅस बंद केल्यावर कुकर लगेच नळाखाली धरू नका. दाब आपोआप उतरेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं आत शिजणं चालूच असतं, आणि तेही फुकट.

काकू, मी भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. एकच लहान शेगडी आहे. पातेलं गरम करून रजईत गुंडाळून ठेवलं तर जेवण आपोआप शिजतं असं ऐकलं. हे खरं आहे का, की नुसत्या गप्पा?

अगदी खरं आहे, आणि तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. गवत भरलेल्या खोक्यात गरम भांडं ठेवून अन्न शिजवण्याची रीत जुनी आहे. इंधनाची टंचाई आली की ती दरवेळी पुन्हा वर येते, आणि टंचाई सरली की विसरली जाते. विसरायला नको होती. अन्न शिजायला उष्णता लागते ती मुख्यतः तापमान चढवण्यापुरती. एकदा चढलं की ते फक्त टिकवायचं असतं, आणि टिकवायला आच लागते असं नाही, आडोसा पुरतो.

करायचं असं. घट्ट झाकणाचं जाड बुडाचं भांडं घे. अन्न पाण्यासकट चांगलं उकळू दे, दहा-पंधरा मिनिटं झाकण न उघडता बारीक आचेवर ठेव, म्हणजे दाण्याच्या आतही उष्णता पोचते. मग खोक्यात किंवा टोपलीत खाली, बाजूला आणि वर, सगळीकडून जाड रजई, जुन्या उशा, लोकरीचे कपडे दाबून बसव. खालची बाजू विसरू नकोस. तिथूनच पुष्कळ उष्णता निसटते आणि नेमकी तीच विसरली जाते.

माझ्या वहीत दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. चार लिटरचं भरलेलं पातेलं रजईत ९८ अंशांवर ठेवलं, चार तासांनी ८० निघालं. एक लिटरचं तसंच ठेवलं, ते ६५ वर आलं होतं. भांडं लहान असलं की आत साठलेली उष्णता कमी आणि त्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लवकर निवतं. तू एकट्यासाठी करणार, तेव्हा हे लक्षात ठेव. भात लवकर शिजतो, तो लहान भांड्यातही छान होतो. कडधान्य करायचं तर आधी रात्रभर भिजव, दोन वेळचं एकदम कर आणि भांडं काठोकाठ भरलेलं असू दे. रिकामी जागा ठेवू नकोस.

आता जे सांगते ते नीट वाच, यात तडजोड नाही. राजम्यात नैसर्गिक विषारी द्रव्य असतं. ते भिजवून आणि नंतर निदान दहा मिनिटं खळखळा उकळल्यावरच निकामी होतं. मी स्वतः अर्धा तास उकळते. नुसत्या मंद उष्णतेवर शिजवलेला अर्धाकच्चा राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. म्हणून राजमा खोक्यात ठेवायचाच तर अर्धा तास उकळल्यानंतर ठेव, नाहीतर सरळ कुकरमध्ये कर. मांस या पद्धतीने करू नकोस. आणि खोक्यातून काढलेलं अन्न कोमट लागलं तर तसंच खाऊ नकोस. ६० अंशांच्या खाली जिवाणू वाढतात, विशेषतः भातात. तापमापी स्वस्त मिळते, एक घेऊन ठेव. खोक्यातून काढलेलं अन्न पुन्हा उकळ, लगेच खा, उरलेलं थंड करून फ्रीजमध्ये टाक. रात्रभर खोक्यात ठेवून सकाळी खाणं नको.

गॅस काढून इंडक्शन घ्यावं का?

चालती शेगडी फेकून देऊन नको. ती बदलायची वेळ येईल तेव्हा मात्र जरूर विचार करा. गॅसच्या ज्योतीतली निम्मी उष्णता भांड्यात शिरली तरी पुष्कळ म्हणायची, बाकीची बाजूने निघून जाते. इंडक्शनमध्ये ज्योतच नसते. चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीज खेळते आणि बूड तापतं, त्यामुळे वापरलेल्या विजेपैकी ८० ते ८५ टक्के उष्णता अन्नापर्यंत पोचते. शिवाय खोलीत धूर नाही, विषारी वायू नाही. माझ्या मते हा दुसरा फायदा बचतीपेक्षा मोठा आहे. पण वीज कोळशावर तयार झालेली असेल तर कोळशातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा तुमच्या घरापर्यंत येते, हेही हिशेबात धरायला हवं. भांडी चालतील का ते पाहायला बुडाला चुंबक लावा. चिकटला तर चालतील.

नुसतं पाणी तापवायचं असेल तर विजेची किटली उत्तम. फक्त कपभर हवं असताना लिटरभर भरू नका.

आमच्याकडे हिवाळा कडक असतो. कामावरून आलं की घर थंडगार लागतं, म्हणून मी थर्मोस्टॅट २६ वर नेते. नवरा म्हणतो, दिवसभर १९ वरच चालू ठेवलं तर उलट कमी लागेल. कोणाचं खरं?

या वेळी दोघांचंही नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे नळाची चावी नव्हे, जास्त फिरवली की जास्त धार येईल अशी. त्याला फक्त कुठे थांबायचं ते कळतं. बहुतेक यंत्रं २१ ला लावा की २६ ला, तापवतात त्याच जोराने. तुम्हाला २१ लवकर मिळत नाही, फक्त २१ नंतरही ते तापवतच राहतं आणि मग तुम्ही खिडकी उघडता.

यजमानांचा मुद्दा मात्र पुष्कळ घरांत ऐकू येतो, म्हणून जरा थांबून सांगते. घरातून उष्णता बाहेर पडते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. बाहेर ५ आणि आत २० असेल तर फरक १५ अंशांचा. आत १९ केलं की तो १४ होतो, म्हणजे गळती पंधराव्या भागाने, सुमारे ७ टक्क्यांनी कमी. एका अंशाची किंमत ही एवढी आहे! आता तुम्ही दिवसभर नसताना घर १५ वर उतरलं, तर तेवढे तास गळती त्याहून कमी. संध्याकाळी पुन्हा तापवायला जी उष्णता लागते, ती दिवसभर वाचलेल्या उष्णतेपेक्षा जास्त कधीच होत नाही. म्हणून बाहेर जाताना ते उतरवा आणि परतण्याआधी अर्धा-पाऊण तास चालू होईल असं वेळापत्रक लावा. उष्मापंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने आत ओढून आणणारं यंत्र, असेल तर मात्र मोठी चढउतार टाळा, कारण घाईने तापवताना त्याला घर तापवणाऱ्या नळ्यांतलं पाणी जास्त गरम करावं लागतं आणि त्याची कार्यक्षमता घसरते. एरवी तो एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता घरात आणतो. साधा हीटर एकात एकच देतो.

ओट्यावरच्या बचतीत रमणाऱ्यांना एक हिशेब सांगते. २००० वॅटचा हीटर तासभर चालला की दोन युनिटं जातात. तेवढ्यात वीस लिटरहून जास्त पाण्याला उकळी येते. युरोपीय संघातल्या घरांत २०२१ साली वापरलेल्या ऊर्जेपैकी सहा दशांशाहून अधिक खोल्या तापवण्यात गेली आणि स्वयंपाकात सुमारे सहा टक्के. थंड प्रदेशात राहत असाल तर आधी खिडक्या-दारांकडे वळा, मग झाकणाकडे.

ताई, तुम्ही गेल्या वर्षी लिहिलं होतं की फटी बुजवा, ऊब टिकेल. आम्ही सगळ्या फटी बुजवल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीतली जाळीसुद्धा. आता खिडक्यांवर पाणी साचतं, कोपऱ्यात काळी बुरशी आली आहे, आणि संध्याकाळी सगळ्यांचंच डोकं दुखतं. काय करू?

हे पत्र मी तीनदा वाचलं. आधी ती जाळी उघडा, आज, आत्ता. उत्तराचा बाकीचा भाग नंतर वाचा.

चूक माझी आहे. फटी बुजवा असं मी लिहिलं, पण कुठल्या बुजवायच्या नाहीत ते तितक्याच ठळकपणे लिहायला हवं होतं. ते आता लिहिते.

जळणाऱ्या गॅसला हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा बळकावतो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखणं, गरगरणं, मळमळणं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं ही त्याची खूण आहे. पुन्हा तसं झालं तर सगळे ताबडतोब बाहेर पडा आणि डॉक्टरांना शंका स्पष्ट सांगा. बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी, पिवळी आणि काजळी धरणारी नको. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र मिळतं, ते बसवा. खोली उबदार करायला गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवणं तर कधीच नको, कितीही थंडी असली तरी.

बुरशीचं मूळही तिथेच आहे. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येतं. त्यात भांड्यातली वाफ, अंघोळ, वाळत टाकलेले कपडे यांची भर पडते. ही वाफ बाहेर जायला वाट राहिली नाही की ती सगळ्यात थंड जागा शोधते आणि काचेवर, कोपऱ्यात जमते.

तेव्हा खिडक्यांच्या झडपांभोवतीच्या फटी, दाराखालची मोकळी जागा, नळ भिंतीतून येतात तिथली भोकं, हे बुजवलेलं तसंच राहू द्या. फट कुठे आहे ते पाहायला पातळ कागदाची पट्टी धरून चौकटीभोवती फिरवा, ती हलली की सापडली. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची जाळी, धूर जाण्याची वाट, आणि हवा लागणाऱ्या कुठल्याही उपकरणाजवळची झडप मात्र कधीच बंद करायची नाही.

आणि दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. ऊब जाईल अशी भीती वाटते, पण हवेत उष्णता फार थोडी असते. ४० घनमीटरच्या खोलीतली सगळी हवा बदलून पुन्हा २० अंशांनी तापवायला सुमारे पाव युनिट लागतं. खरी ऊब भिंतींत आणि सामानात साठलेली असते, ती एवढ्या वेळात जात नाही. एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं मात्र वाईट. त्याने तिच्याभोवतीची भिंतच गार पडते.

पुढच्या महिन्यात घरातलं सगळं कसं आहे ते मला कळवा. मी वाट बघते.

गरम पाण्याच्या टाकीचं तापमान कमी केलं तर?

साठवणीच्या टाकीत ६० अंशांखाली नको. कोमट साठ्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे गंभीर न्यूमोनिया होतो. टाकीला आणि नळ्यांना जाड वेष्टण घाला, बचत तिथे आहे.

बाई, मी ८१ वर्षांची आहे. मुलाकडे राहते. तो कामावर गेला की मी माझ्या खोलीतला हीटर बंद करून शाल पांघरून खिडकीशी बसते. त्याचा खर्च वाढू नये एवढंच मनात असतं. हात गार पडतात, पण सवय झाली आहे. अजून काय वाचवता येईल?

मावशी, तुमच्या खोलीतून काहीही वाचवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत घराचं तापमान निदान १८ अंश असावं असं सांगितलं आहे, आणि वृद्धांना, लहान मुलांना त्याहून जास्त लागू शकतं. वय वाढलं की थंडी वाजते आहे हेच शरीराला उशिरा कळतं. सवय झाली असं तुम्ही लिहिता, मला त्याचीच काळजी वाटते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हीटर चालू ठेवा.

बचतीचा मार्ग वेगळा आहे. खुर्ची खिडकीजवळून हलवा आणि आतल्या भिंतीशी ठेवा. एकेरी काच भिंतीपेक्षा कितीतरी गार असते, आणि खोलीतली हवा गरम असली तरी अंगातली ऊब त्या गार काचेकडे जात राहते. ऊन आत येतं तेवढा वेळ पडदे उघडे ठेवा, ऊन गेलं की ओढून घ्या. पडदे हीटरवर लोंबू देऊ नका. पायाखाली जाड सतरंजी घाला. खोलीचं दार लावून घ्या, म्हणजे तुमची ऊब जिन्यात जाणार नाही. जोडीला विजेवर तापणारी पांघरायची चादर घेतली, तर ती १०० वॅटच्या आसपासच वीज घेते. मग हीटर १८-१९ वर राहिला तरी तुम्हाला ऊब मिळेल. चादर घेताना आपोआप बंद होणारी घ्या, आणि मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे पान मुलगा घरी आला की त्याच्या हातात द्या. तुम्ही दिवसभर हीटर बंद करून बसता, हे त्याला माहीत नसणार.